ऑडिटरचा पाहुणचार

टपोऱ्या डोळ्यांना आपल्याकडे भोकरासारखे डोळे म्हणतात. मी ज्या गावी बँकेत कारकुनी करतो, त्या गावाचं नावच भोकर. तरीसुद्धा अस्सल भोकरासारखे डोळे मला पाहायला मिळाले ते इथे सहा वर्षं काढल्यावर, आणि तेही काचेच्या पेटीत. पुण्याच्या मेव्हण्याने भाऊबीजेला बहिणीच्या ताटात साडीऐवजी मासा घातला.

मासा म्हणजे केवढा? वाटाण्याएवढा. फार तर एक इंच. कोकणात याच्या समुद्रातल्या भाऊबंदांना केंड म्हणतात. हा मात्र गोड्या पाण्यातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा रहिवासी. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ साली त्रावणकोरच्या नावाने त्याचं बारसं केलं. घाबरला की फुगतो. डोळे दोन दिशांना स्वतंत्र फिरवतो. आमच्या शाखेत तपासणीला येणारे एक गृहस्थ असाच एक डोळा लेजरवर आणि दुसरा भज्यांच्या बशीवर ठेवत. त्यामुळे माशाचं नाव ऑडिटर पडलं.

ऑडिटरच्या खाण्याची व्यवस्था मोठी सोपी असेल असं मी धरून चाललो होतो. नांदेडहून माशांच्या कोरड्या खाद्याची डबी आणली. चिमूटभर टाकलं. ऑडिटरने एका डोळ्याने खाद्याकडे आणि दुसऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही बाबी नामंजूर. तीन दिवस उपास. शेवटी आमचा शिपाई घरी आला, तो पेटीत वाकून म्हणाला, "साहेब, उपाशी मारायलाव का काय त्येला?"

मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो दाजी, त्याला हलतं-डुलतं लागतं. गोगलगाई द्या!"

इथे धर्मसंकट उभं राहिलं. आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडं आलं तर ते आधी उंबऱ्यावर क्षमा मागतं. आणि मी शेततळ्यातून पाणगोगलगाई आणून बरणीत पाळायला लागलो! या कुळातल्या माशांचे दात म्हणजे जबड्याला चिकटलेल्या चार पट्ट्या. त्या जन्मभर वाढतात आणि कठीण कवच फोडता फोडता झिजतात. म्हणजे गोगलगाय हे त्याचं जेवणही आणि दातांचा न्हावीही. हे मी सौभाग्यवतींना शास्त्रोक्त समजावलं. त्या म्हणाल्या, "दात त्याचे वाढतायत, पाप तुमचं."

खरं सांगतो, रात्री झोप आली नाही. २०२२ साली लातूर-बीडकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हा लोक त्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवत होते, आणि मी पेपर वाचता वाचता 'बरं केलं' म्हणालो होतो. ती हजारोंची गोष्ट होती, मला काही वाटलं नाही. आता माझ्या बरणीत अकरा गोगलगाई होत्या. त्यांची शिंगं मी रोज सकाळी पाहत होतो, आणि बारावी कुठे गेली ते मला ठाऊक होतं. मारणारा कोण? बँकेत एकाने व्हाउचर करायचं आणि दुसऱ्याने सही करायची, म्हणजे चूक कुणाची हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे व्हाउचरही माझं आणि सहीही माझी. ऑडिटर तर मुळातच निर्दोष. त्याच्या नदीत तो हेच खात होता. त्याला तिथून काढून माझ्या दिवाणखान्यात आणणारी साखळी माझ्यापाशी संपते. बाजारात येणारे हे मासे बरेचसे नदीतूनच पकडलेले असतात आणि तिकडे त्यांची संख्या घटत चालली आहे, हे मेव्हण्याने नंतर सांगितलं. भाऊबीज होऊन गेल्यावर.

गोगलगाई नकोत म्हणून मग डासांच्या अळ्या. मागच्या अंगणात बादलीभर पाणी ठेवलं, आठवड्यात वळवळ सुरू. डासाची मादी रक्त पिऊन अंडी घालते, आणि आमच्या अंगणात संध्याकाळी उघडा बसणारा इसम एकच. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर ऑडिटर माझ्याच रक्तावर जगत होता. शिबी राजाने पारव्यासाठी मांडी कापून एकरकमी दिली; मी नोकरदार माणूस, हप्त्याहप्त्याने देत होतो. इतकं पुण्य वाटत होतं म्हणता!

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याच्या ताई भांडी तपासायला आल्या. बादलीत बॅटरी मारून म्हणाल्या, "सर, बँकेतले ना तुम्ही? शेजारच्या पोराला मागच्या वर्षी डेंग्यू झालेला माहीत आहे ना?" माहीत होतं. रक्तपेशींसाठी मीच नांदेडला धावलो होतो. माझ्या बादलीतले सगळेच डास मला चावायला थांबणार नव्हते, एवढा साधा हिशेब मला सुचला नव्हता. बादली मी तिथेच उपडी केली. ताईंनी मात्र जाताना चार गप्पी मासे दिले, हौदात सोडायला.

गप्पी! वास्तविक हे नाव त्रिनिदादच्या एका गप्पी नावाच्या साहेबावरून पडलेलं. पण मला वाटलं, ऑडिटर बिचारा दिवसभर एकटा. चार गप्पिष्ट सोबती मिळाले तर रमेल. दोन पेटीत सोडले. सकाळी पाहतो तर दोघांच्या झुळझुळीत शेपट्यांची कात्रणं झालेली. एक तळाशी आडवा, दुसरा नळीमागे दडलेला. मेव्हणा फोनवर ओरडला, "लांब शेपटीचे संथ मासे त्याच्याजवळ ठेवतात का कुणी? एकटाच ठेवा. नाहीतर मोठी टाकी घ्या, दाट झाडं लावा आणि त्याच्याच जातीचे पाच-सहा आणा."

आडवा पडलेला गप्पी मी चमच्याने काढत होतो, तेव्हा आई मागे उभी होती. दादा गेल्यापासून तिला किनवटकडच्या गावाहून मी इथे आणलेलं. एकटी राहू नये म्हणून. संध्याकाळी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सोडून यायचो, तिथे ती पदर सावरून गप्प बसायची.

"हा त्याला करमावं म्हणून टाकला होतास?" तिने विचारलं.

"हो."

"करमत नाही असं तो म्हणाला होता?"

मी चमचा धुवायला नेला.

आता घरात समेट झाला आहे. थिजवलेल्या अळ्यांच्या वड्या दुकानातून येतात. त्या कुणी मारल्या, कुठे मारल्या, आम्ही विचारत नाही. सौभाग्यवतींनी फ्रीजमध्ये एक कोपरा दिला आहे, दह्यापासून सर्वांत लांबचा. वीज गेली की त्या दोन्हींकडे पाहत बसतात. बरणीतल्या गोगलगाई वाढत वाढत तिसाच्या पुढे गेल्या आहेत. आठवड्याला एक जाते. ती मी टाकतो. सुरुवातीला तोंड फिरवायचो, आता पाहतो. निदान तेवढं तरी. नळीमागचा गप्पी हौदात आहे, त्याची शेपटी परत फुटते आहे.

आईला मागच्या रविवारी मुदखेडहून येणाऱ्या गाडीत बसवलं. किनवटपर्यंतचं तिकीट तिने स्वतः कनवटीला लावलं. निघण्याआधी पेटीपाशी गेली. ऑडिटर काचेला येऊन तिच्याकडे पाहायला लागला, या वेळी चक्क दोन्ही डोळ्यांनी.

"जेवला का रे हा?" तिने विचारलं.