सलाफहादच्या मुली आणि सातबारा

"त्या पाचजणींना बोध नको होता गं, जमीन हवी होती," मी म्हणाले, आणि ठाणेकर चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिली.

ठाणेकर हे तिचं आडनाव नव्हे. डी.एड.च्या वसतिगृहात आम्ही एकमेकींना गावावरून हाका मारायचो. ती ठाणेकर, मी निफाडकर. नोकऱ्या संपल्या, नातवंडं झाली, तरी हाका त्याच. तिचं खरं आडनावही कोकणातल्या एका गावावरूनच आहे. बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजात, ते तसंच असतं, केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर. आषाढात ती माझ्याकडे राहायला आली होती, आणि गुरुवारी रात्री तिनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. ठाणे, मुंबई, पुणे, अश्दोद, दिमोना इथल्या बायका पडद्यावर जमल्या. बोलणं मराठीत, मधूनमधून इंग्रजी, अश्दोदच्या बाईंचं निम्मं हिब्रूत. मी कोपऱ्यात मेथी निवडत ऐकत होते.

त्यांचा नेम असा. मोशेची पाच पुस्तकं म्हणजे तोरा. तिचे ५४ भाग. एका भागाला पराशा म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये एक पराशा वाचली जाते, एखाद्या आठवड्यात दोन. शरदात सिम्हात तोरा या सणाच्या दिवशी शेवटचं पान संपलं की त्याच बैठकीत पहिलं पान उघडायचं. सणांमुळे इस्रायल आणि बाहेरचं जग कधी आठवड्यानं पुढंमागं होतं, एरवी सगळीकडे तोच भाग. या बायका शब्बाथच्या आधी तो आपसात वाचतात आणि उठण्यापूर्वी प्रत्येकीनं सांगायचं, यातून मी माझ्यापुरतं काय उचललं.

त्या आठवड्याची पराशा होती पिनहास. बमिदबारमधली, म्हणजे आपल्याकडच्या बायबलात ज्याला गणना म्हणतात त्या पुस्तकातली. लोक यार्देनेच्या काठाला पोचलेत, जमीन वाटायची म्हणून शिरगणती चालली आहे आणि मोजणी फक्त पुरुषांची. सलाफहाद नावाचा माणूस अरण्यात वारलेला, मुलगा नाही. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या जमावासमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता एवढ्यासाठी त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं, असं विचारतात आणि काकांच्या बरोबरीनं वाटा मागतात. मोशेकडे उत्तर नसतं. तो देवाला विचारतो. निकाल मुलींच्या बाजूनं लागतो आणि कायदाच होतो: मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे.

एवढं वाचून झाल्यावर बायकांनी काय उचललं? एक म्हणाली, मी आता सुनेशी मनातलं स्पष्ट बोलेन. दुसरी म्हणाली, साहेबांपुढं तक्रार मांडताना आवाज चढवणार नाही. ठाणेकर म्हणाली, एकटीनं कुढण्यापेक्षा चौघींना बरोबर घेईन. सगळ्या समाधानानं निरोप घेऊन गेल्या. आणि मला राहवलं नाही.

"तुला राग कशाचा आला?" तिनं विचारलं.

"राग नाही. पण एवढा कायदा वाचायचा आणि त्यातून सुनेशी कसं बोलावं एवढंच काढायचं? त्या मुलींनी स्वतःत सुधारणा केली नाही. त्यांनी मोशेला सुधारायला लावलं."

"हे छान आहे. पुढच्या गुरुवारी सांगते."

"सांगू नकोस. पुन्हा बोधच होईल."

ती हसली. मग म्हणाली, "तुला वाटतं आम्ही गोड तेवढं वेचतो. वेचायची सोयच नाही. पराशा आपण निवडत नाही, ती येते. वसंतात त्वचारोगाचे नियम येतात, भिंतीवरच्या बुरशीचे येतात, बाळंतिणीच्या अशुद्धतेचे येतात. त्याही आठवड्यात बसावं लागतं."

"तेव्हा काय उचलता?"

"तेव्हा भांडतो. आता काही आठवड्यांपूर्वी मोशेच्या बहिणीचं, मिरियामचं आलं होतं. ती आणि भाऊ अहरोन, दोघंही मोशेविरुद्ध बोलले आणि कोड फुटलं फक्त तिला. एकीनं सांगितलं, परनिंदा करू नये हा धडा. पुण्याची मुलगी म्हणाली, मग अहरोन कसा सुटला? कोणालाच बोलता येईना. शेवटी दिमोनाच्या आजी म्हणाल्या, तिला छावणीबाहेर ठेवलं ते सात दिवस सगळे लोक थांबले, एक पाऊल पुढं गेले नाहीत, एवढं तरी बघा. उत्तर नव्हतंच ते. पण मला अजून आठवतंय."

मला ते आवडलं, हे मान्य करते. आपल्याकडे ग्रंथ लावतात तेव्हाही अध्याय गाळत नाहीत, पण अवघड ओवी आली की वाचणारा वेग वाढवतो हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

"आणि बोध म्हणून नाक मुरडू नकोस," ती पुढं म्हणाली. "आमच्याकडे शतकानुशतकं ग्रंथच नव्हता. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, आणि तोंडी राहिलेली शेमा ही एक प्रार्थना. बाहेरून आलेल्या दावीद रहाबीची गोष्ट तुला सांगितली होती ना? आमचे लोक खरंच यहुदी आहेत का ते पाहायला त्यानं बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. दंतकथा असेल. पण आमच्यात ती सगळ्यांना पाठ आहे, आणि तिच्यात परीक्षा बायकांची आहे, पुरुषांची नाही. पुढं १८८०च्या सुमाराला मुंबईत आमच्या लोकांनी तुमच्यासारखी कीर्तनं रचली, मराठीत, योसेफाची, मोशेची. ती आज कोणाला येत असतील तर म्हाताऱ्या बायकांना. आमची तोरा अशीच टिकली, प्रत्येकीनं आपल्यापुरतं उचलून."

"तुझी गोष्ट माझ्याच बाजूची आहे," मी म्हटलं. "त्या बायकांनी माशातून बोध घेतला नाही. मासा बाजूला काढला. कृती केली."

"बरं. मग तू कोणती कृती करते आहेस?"

तिला माहीत होतं. माझ्या टेबलावर हक्कसोड पत्राचा मसुदा पडला होता. माहेर तालुक्यातलंच, कादवा नदीच्या काठी. वडील १९९९ मध्ये गेले, वाटणी झाली नाही, सातबारावर भाऊ. वारसा कायद्याच्या १९९४च्या राज्याच्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या, म्हणून मी नाही. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली, आणि वडील त्याआधी वारले असले तरी हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. तेव्हापासून आमच्या भागात बहिणींच्या सह्यांना भलताच भाव आला आहे. भावाला द्राक्षबागेवर मोठं कर्ज काढायचं आहे, बँकेला उतारा निर्वेध हवा आहे. त्यानं मागितलं, मी हो म्हणाले.

"तुम्हाला सोपं आहे," मी म्हटलं. "तुमच्या समाजाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा. मुलगा-मुलगी सारखे."

"कागदावर सारखे. घरात कोण कोणाला काय सोडून देतं ते कायदा बघायला येतो का? तू सांग, तू सही का करते आहेस? भीतीनं की मायेनं?"

"दोन्ही."

"वेगळं करून सांग."

मी गप्प बसले. माया कुठली ते सांगता येत होतं. बाग त्यानं उभी केली. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, डाऊनी रोग आला की रोज फवारण्या, आणि २०१४ च्या मार्चात गारपिटीनं घड काढणीच्या तोंडावर झोडपले तेव्हा तो बांधावर बसला होता, मी नव्हते. भीतीही ठाऊक होती. वाटा मागितलेल्या बहिणीला दिवाळीला कोण बोलावतं? आमच्या गल्लीतच दोघी आहेत, भाऊबीज बंद झालेल्या. पण सहीमागं यातलं किती काय आहे, ते वेगळं निघेना.

"दुय्यम निबंधकाकडे विचारतात ना," ती म्हणाली, "स्वखुशीनं करताय का म्हणून?"

"विचारतात. सगळ्या हो म्हणतात. अंगठा, फोटो, पुढची."

"तो प्रश्न खरा विचारायला जागा हवी म्हणून आम्ही गुरुवारी बसतो. तू त्याला बोध म्हण, काहीही म्हण. कायदा झाला, न्यायालय झालं, आणि तरी पेन तुझ्याच हातात आहे."

हे मला लागलं. निफाडला राहून हे मला कोणी सांगायची गरज पडू नये. महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ ला इथेच जन्मले. विधवाविवाहाचा कैवार घेणारा हा माणूस, १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या शब्दापुढं नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. सभेतलं मत घराच्या उंबऱ्यावर अडलं. त्याच मुलीला त्यांनी पुढं शिकवलं, आणि शिकण्याची किंमत मात्र तिनं घरातल्या बायकांचे टोमणे सोसून मोजली. रमाबाईंनी आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. मी हे ठाणेकरला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे रानडे आमच्या गटात हवे होते." थट्टा होती, पण अगदीच थट्टा नव्हती.

"तरीही," मी म्हटलं, "एक सांग. बायकांना आतून काय उचलायचं म्हटलं की हाताला त्यागच का लागतो? हक्कसोड म्हणजे त्यागाची नोंदणी केलेली प्रत. तुझ्या गटातली कोणी म्हणाली का, की मी वाटा मागेन?"

"नाही."

"आणि दुसरं. त्या पाचजणींना भाऊ नव्हता. मला आहे. तुमच्या कायद्यात भाऊ असलेल्या मुलीला काय मिळतं?"

यावर ती थोडी अडखळली, पण तिनं लपवलं नाही. "तोरात वारसा नाही. पुढं मिश्नात, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या कायद्याच्या ग्रंथात, आलं की इस्टेट मोठी असेल तर वारस मुलगे, आणि मुलींचं पालनपोषण त्यातून. इस्टेट तोकडी असेल तर आधी मुलींचं पोट, मुलांनी दारोदार मागावं. आदमोन नावाच्या न्यायाधीशानं तिथं कुरकुर केली आहे, मी पुरुष आहे म्हणून माझं नुकसान का?"

आम्ही दोघी खूप हसलो. आदमोनला आमच्या तालुक्यात बरेच पाठीराखे मिळाले असते.

"म्हणजे मला लागू पडणारी पराशा ही नाहीच," मी म्हटलं.

"ही नाही. पण गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांनी, पुस्तकाच्या अगदी शेवटी त्या परत येतात. या वेळी बोलायला कुळातले पुरुष येतात. म्हणतात, या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीनही तिकडे जाईल, आमचा वाटा तुटेल. मोशे म्हणतो, यांचंही बरोबर आहे. मुलींनी हवं त्याच्याशी लग्न करावं, पण बापाच्या वंशातल्याच. आणि त्या पाचही जणी चुलत्यांच्या मुलांशी लग्न करतात. पुस्तक तिथं संपतं."

"हे तुम्ही त्या गुरुवारी नाही वाचलंत."

"त्या गुरुवारी ते येत नाही ना."

मला वाटतं तिच्या वाचनाचं खरं बळ इथं आहे, आणि तिच्या गटाची कमजोरीही इथंच. त्या रात्री उचललेला बोध पहिल्या निकालावर उभा होता. दुसरा निकाल अजून यायचा होता. माझा भाऊ तर त्या दुसऱ्या निकालातच बोलतो, शब्दसुद्धा साधारण तेच. तुझा मुलगा पुण्यात, तो काय कादवेला येऊन बाग करणार? विकून मोकळा होईल. ग्रंथानं त्याचं म्हणणं खोटं ठरवलेलं नाही. मुलींचं बरोबर म्हटलं आणि याचंही. अट मात्र पडली ती मुलींवर.

"ती अट त्या एकाच पिढीपुरती होती असं पुढच्या पंडितांनी ठरवलं," ठाणेकर म्हणाली. "अव महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्याची आठवण म्हणून आनंदही करतात."

"एका पिढीपुरती. पण त्या पिढीतल्या पाचजणींचं काय?"

"त्यांचं झालं तेच झालं." तिनं मसुदा उचलून वाचला. "नाव लाव आधी सातबाराला. मग कसायला त्याच्याकडेच ठेव, कर्जाला संमती दे. मला तरी एवढं दिसतं."

"आणि माझ्यामागं?"

"तुझा मुलगा विकेल?"

"विकेल. तो चांगला आहे, पण विकेल."

"मग भाऊ खोटं बोलत नाही."

"नाही बोलत." मी थोडा विचार केला. भावाला मुलगा आहे, तो मुंबईला नोकरी करतो. आणि मुलगी आहे, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, फवारणीचं वेळापत्रक आताच तीच ठरवते. "मृत्युपत्रात लिहून ठेवता येईल," मी म्हटलं. "माझा वाटा विकायचा झाला तर आधी भाचीला विचारायचं. भाच्याला नाही, तिला."

"म्हणजे तूही कुळातच ठेवते आहेस."

"कुळात नाही, बागेत."

"भावाला ते पटेल?"

"नावापर्यंत पटेल कदाचित. भाचीपर्यंत आलो की त्याला त्याच्या मुलाचं सुचेल."

"मग भाचीला आधी विचार," ठाणेकर म्हणाली. "तिला हवी आहे का जमीन, हे आत्तापर्यंत आपण दोघींपैकी कोणीच विचारलेलं नाही."