अडलेलं गणित बाजूला ठेवताना

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली एकमेकांची विचारपूस करतात ती तासांत. आज किती झाले? दहा म्हटलं की समाधान, बारा म्हटलं की आदर. खाली चहाला उतरलेल्या मुलाला ती दहा मिनिटंही अभ्यासातून चोरल्यासारखी वाटतात. या मुलांच्या कष्टांची मला मनापासून कदर आहे, म्हणूनच सांगावंसं वाटतं, की हा हिशेब चुकीचा आहे. पुस्तक मिटल्यानंतरच्या वेळातही शिकणं चालू असतं, आणि तो वेळ काढून टाकला तर बसलेल्या तासांचं मोल घटतं.

हे काही नव्याने कळलेलं नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ करून स्मरणशक्ती मोजली आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. आदल्या दिवशी सलग ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच आधीच्या तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांनी झाला.

त्याहून मोलाचा वाटतो तो ब्रिटनच्या टपाल खात्यातला प्रयोग. पत्रांची वर्गवारी यंत्राने करायची म्हणून पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. कुणाला रोज एक तास, कुणाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की रोज एक तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला सुमारे ३५ तास पुरले, तर रोज चार तासवाल्यांना सुमारे ५० लागले. पण सर्वांत नाराज होता तो रोज एक तासवाला गट! आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. मला यात सगळ्या प्रश्नाची मेख दिसते. सलग बसलं की धडा डोळ्यांसमोर ताजा असतो, भराभर आठवतो, आणि आपल्याला तो आला असं वाटतं. मध्ये दिवस गेले की थोडं विसरायला होतं, आठवताना ताण पडतो. तो ताणच स्मरण पक्कं करतो, पण त्या क्षणी तो अपयशासारखा भासतो. म्हणून ‘मला कसं वाटतंय’ यावर अभ्यासाची रीत ठरवू नये.

पाठांतराचं झालं, अडलेल्या प्रश्नाचं काय? आन्री प्वँकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ मध्ये स्वतःच्या अनुभवाबद्दल दिलेलं व्याख्यान इथे आठवतं. त्या अनुभवाच्या काळात तो काँ शहरात राहत होता आणि एका नव्या प्रकारच्या फलनांवर काम करत होता. पंधरा दिवस तो रोज तास-दोन तास टेबलाशी बसे, नाना जुळण्या करून पाहत असे. पुढे भूशास्त्रीय सहलीला निघाल्यावर प्रवासात गणित मागे पडलं. कुतांस गावी बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्याच्या ध्यानात आलं, की ही फलनं ठरवायला वापरलेली रूपांतरणं अयुक्लिडीय भूमितीतल्या रूपांतरणांसारखीच आहेत. त्याने सोबत्यांशी गप्पा चालू ठेवल्या. पडताळा काँला परतल्यावर घेतला.

ही गोष्ट सांगताना लोक आधीचे पंधरा दिवस गाळतात. प्वँकारेने स्वतः बजावलं होतं, की नकळत चालणारं काम फळतं ते आधी आणि नंतर जाणीवपूर्वक मेहनत असेल तरच. मधल्या काळात मनात नेमकं काय घडतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मन आतल्या आत जुळवाजुळव करत राहतं असं काही मानतात. काहींच्या मते धरून बसलेली चुकीची वाट तेवढी सुटते. दोन्ही मतांनी सल्ला एकच निघतो. प्रश्नाशी नीट झुंजावं, मग त्याला सोडून खरोखर दुसरीकडे जावं. मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहणं याला मी विश्रांती म्हणणार नाही, कारण त्यात मनाला रिकामं राहायला जागाच उरत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. त्या पोस्टमनना तास कमी लागले, दिवस जास्त लागले: चार तासवाले तेरा दिवसांच्या आत सुटले, एक तासवाल्यांना पस्तीस दिवस. गावाकडून दरमहा पैसे मागवणाऱ्या, परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाला ‘सावकाश घे’ म्हणणं सोपं नाही. त्यामुळे हे त्याच्या एकट्याच्या मनोबलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. जुन्या वेदपाठशाळांत अनध्यायाचे, म्हणजे अध्ययन बंद ठेवायचे, दिवस ठरलेले असत. त्यामागची कारणं धार्मिक होती, त्यांत मानसशास्त्र शोधायला मी जाणार नाही. पण थांबायचं कधी, हे विद्यार्थ्याच्या अपराधी मनावर सोडलेलं नव्हतं. आजच्या क्लासेसनाही हे करता येईल. एकाच विषयाची दिवसभराची सहा तासांची बॅच तीन दिवसांत विभागली, आणि संपवलेला धडा महिन्याभराने पुन्हा वर्गात विचारला, तर शिकवण्याचे तास फारसे वाढत नाहीत आणि फी वाढवायचंही कारण उरत नाही.