दूरच्या सहकाऱ्याकडे हिशेब मागताना

आपले सेवेचे काम आता एका छताखाली चालत नाही. भाषांतर करणाऱ्या ताई नागपूरला, मजकूर तपासणारे काका बेळगावला, तो संकेतस्थळावर चढवणारा दादा पुण्याला आणि कामाची यादी सांभाळणारी मी म्हैसूरला. आपल्यापैकी कित्येकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. अशा वेळी एक प्रश्न आपणा सर्वांपुढे येतो. जो डोळ्यांसमोर नाही, त्याच्याबाबत आपले कर्तव्य किती? काम वेळेवर झाले की नाही एवढे पाहिले, की ते संपते का?

गेल्या वर्षी मी तसेच समजत होते. एका ज्येष्ठ ताईंचा लेख दोनदा रखडला. मी गटावर सर्वांसमोर आठवण केली. उत्तर आले नाही, तेव्हा लेख दुसऱ्याकडे दिला. पुढे कळले, की महिनाभर त्या दवाखान्यात यजमानांच्या उशाशी होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, एक फोन केला असतास तर मीच म्हणाले असते, दुसऱ्याला दे." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते वाक्य जास्त लागले. लेख वेळेत लागला होता. नियमाने पाहिले तर माझे काही चुकले नव्हते. मग चुकले काय?

याचे उत्तर मला वाणिज्य शाखेच्या अभ्यासात सापडले. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यावर एक प्रकरण आहे. कलम 213 सांगते, की मागणी होताच प्रतिनिधीने चोख हिशेब द्यावा. कलम 214 सांगते, की अडचण आली तर त्याने मालकाशी संपर्क साधण्याचा योग्य तो प्रयत्न करावा. पण कलम 222 मालकालाच बांधते. दिलेल्या अधिकारात राहून प्रतिनिधीने जे कायदेशीर काम केले, त्याची झळ त्याला बसली तर ती मालकाने भरून द्यायची. म्हणजे बाजारातला रुक्ष कायदासुद्धा दोन्ही बाजूंनी बोलतो. मी मात्र पहिली दोन कलमे पाठ केली आणि तिसरे सोडून दिले.

आपण म्हणाल, सेवेत कोण मालक आणि कोण प्रतिनिधी? खरे आहे. पण त्यामुळे जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पगारी माणूस जास्तीचे काम नाकारू शकतो. सेवेकरी भिडेपोटी हो म्हणतो आणि अडचण आली की संकोचाने गप्प बसतो.

या म्हैसूरला 1892 मध्ये स्वामी विवेकानंद आले होते. महाराज चामराजेंद्र वडियारांनी त्यांचा आदर केला. पुढच्या वर्षी ते अमेरिकेला निघाले, तेव्हा मद्रासमध्ये घरोघर फिरून वर्गणी जमवणाऱ्या तरुणांत अळसिंग पेरुमाळ पुढे होते. हे शाळामास्तर मूळचे म्हैसूर संस्थानातल्या चिकमगळूरचे. परदेशात स्वामीजींजवळचे पैसे संपत आले, तेव्हा तार मद्रासलाच गेली आणि मदतही तिथूनच आली. पुढे तिकडे त्यांच्याविरुद्ध अपप्रचार सुरू झाला. मायदेशाने पाठीशी उभे राहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. एप्रिल 1894 मध्ये मद्रासला तशी सभा झालीही, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला महिने गेले. तेवढा काळ ते एकटेच लढले. दूरच्या माणसाला पाठबळ असणे पुरेसे नाही. ते आहे, हे त्याला वेळेत कळावेही लागते.

उलट दिशेनेही पाहा. स्वामीजींनी समुद्रापलीकडून अळसिंगांना कितीतरी पत्रे लिहिली. त्यांत कान उघाडणी आहे आणि भरभरून माया आहे. 1895 मध्ये मद्रासला 'ब्रह्मवादिन्' सुरू झाले, तेव्हा स्वामीजींनी नुसत्या सूचना केल्या नाहीत, पैसेही पाठवले. अळसिंगांनी ते काम 1909 मध्ये देह ठेवीपर्यंत सोडले नाही.

म्हणून करुणा म्हणजे ढिलाई नव्हे. लेखाची वाट पाहणारा वाचकही आपलाच आहे, आणि ताईंचा लेख दुसऱ्याकडे देणे योग्यच होते. माझी चूक आधी न विचारण्यात होती. आता मी काही साधे नियम पाळते. काम देताना तारीख स्पष्ट सांगायची आणि नाही म्हणायची मोकळीकही तेव्हाच द्यायची. उशीर झाला तर गटावर लिहिण्याआधी फोन करायचा. पहिला प्रश्न "झाले का?" असा नसावा, "कसे आहात?" असा असावा. काम काढून घ्यावेच लागले, तर ते त्या व्यक्तीशी बोलून. आणि चूक झाली तर बाहेर ती आपली म्हणून सांगायची, आत मात्र शांतपणे सुधारायची.

त्या ताई आता पुन्हा भाषांतर करतात, महिन्याला एकच लेख. तो कधी थोडा उशिरा येतो, पण आता त्या आदल्या दिवशी कळवतात.

आपल्याही यादीत एखादे नाव बरेच दिवस गप्प असेल. आज हिशेब मागण्याआधी त्या नावाला एक फोन करून पाहा.