तांदळा, वारूळ आणि अठरा हात

कोल्हापूरची अंबाबाई चार हातांची, तुळजापूरची भवानी आठ हातांची, वणीच्या गडावरची सप्तशृंगी अठरा हातांची. माहूरच्या रेणुकेला मात्र हातच नाहीत. ती तांदळा आहे, शेंदराने माखलेले केवळ मुख. साडेतीन शक्तिपीठे म्हणून या चौघींची गणना एकत्र होते. त्यात सप्तशृंगीचे पीठ अर्धे धरतात. पण माहूरच्या डोंगरावर जाणाऱ्याला आपली देवी अपुरी आहे असे कधी वाटत नाही. देवी ओळखायची ती तिच्या ठिकाणावरून. हात आणि आयुधे नंतरची.

गावोगावच्या देवींकडे पाहिले की हे अधिकच पटते. गोव्यात आणि तळकोकणात सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. मातीचे ते जिवंत वारूळ हीच देवी, त्यावर पुढे मुखवटा चढतो, कुठे सातेरीची शांतादुर्गा होते. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी सात दगड ओळीने मांडून शेंदूर फासला की झाल्या साती आसरा. वेशीवरची मरीआई पटकीच्या साथीतली, शीतला देवीच्या रोगातली. जिथे भय आहे, पाणी आहे, पीक आहे, तिथे देवी आहे. तिला घडवायला शिल्पकार लागला नाही.

या विखुरलेल्या देवींना एका सूत्रात ओवण्याचे मोठे काम ‘देवीमाहात्म्या’ने केले. मार्कंडेय पुराणातला हा 13 अध्यायांचा भाग. मंत्रसंख्येवरून त्याला सप्तशती म्हणतात. त्यात युद्धाच्या वेळी ब्रह्मा, शिव, विष्णू, इंद्र यांच्या शक्ती मातृका होऊन उभ्या राहतात. असुर शुंभ देवीला टोमणा मारतो, की तू इतरांच्या बळावर लढतेस. तेव्हा देवी सांगते की या सगळ्या माझ्याच विभूती आहेत, आणि त्या तिच्यात सामावून जातात. वेरूळच्या 14 क्रमांकाच्या लेण्यात याच मातृका ओळीने बसल्या आहेत, पण मांडीशी मुले घेऊन. ग्रंथाने त्यांना रणात पाहिले, पाथरवटाने त्यांचे आईपण आधी पाहिले.

ग्रंथ आणि लोकमन यांतली ही ओढाताण कोल्हापुरात सर्वांत ठळक दिसते. तिथल्या मूर्तीच्या हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. सप्तशतीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्या’त हेच वर्णन आद्य महालक्ष्मीचे येते, जिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती प्रकटल्या. ती कोणाची पत्नी नव्हे, सर्वांचे मूळ. तरीही नवरात्रात तिरुपतीहून तिच्यासाठी शालू येतो आणि ‘लक्ष्मी’ या नावाने विष्णूशी तिचे नाते जुळते. ती अंबाबाई की विष्णुपत्नी, हा वाद निव्वळ नावाचा नाही. देवी स्वयंभू मानायची की कोणाच्या आधाराने, हा त्यातला खरा प्रश्न आहे. मूर्तीच्या हातांची साक्ष अंबाबाईच्या बाजूने आहे.

तुळजापूरला वेगळेच. तिथली मूर्ती चल आहे, सिंहासनावरून उचलता येते. नवरात्रापूर्वी देवीला पलंगावर निजवतात, ती घोरनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी झुंज, मग दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राआधी पुन्हा निद्रा. या दिवसांत सिंहासन रिकामे असते. महिषासुराला मारणारी देवी थकते, आणि तिला कोणी उठवत नाही. लढवय्या रूपाला इतकी माणसाची जवळीक देणारी कल्पना दुसरीकडे सहज सापडत नाही.

वणीला गडाच्या कड्यातच कोरलेली सप्तशृंगी वर्षानुवर्षे शेंदराच्या थरांखाली होती. 2022 मध्ये ते थर काढल्यावर खालचे कोरीव काम उघडे पडले. थर चढवणाऱ्या हातांनी मूर्ती झाकली खरी, पण त्यांच्या लेखी शेंदूर हाच देवीचा रंग होता.

घरातली देवी याहून साधी. घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, त्यात गहू, ज्वारी पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात आणि त्यावर रोज एक फुलांची माळ चढवतात. त्या मातीला चेहरा नसतो. दसऱ्याला वितभर वाढलेले पिवळसर अंकुर उपटून घरातले कर्ते पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत माळतात.