पैठणचे पत्र आणि नेवाशाचा खांब



गेल्या श्रावणात नाशिकला, पंचवटीत, एका सप्ताहात प्रवचनाची सेवा माझ्याकडे होती. तिसऱ्या दिवशी आरती झाली, मंडळी उठली, आणि एक बाई आपल्या मुलाला दंडाला धरून पुढे घेऊन आल्या. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. अंगाने धडधाकट, पण मान खाली. बाई म्हणाल्या, "महाराज, याला नोकरी लागली. सरकारी आहे, चांगली आहे. पण लांब, एका तालुक्याच्या गावी. चैत्रात गेला आणि आता म्हणतो, राजीनामा देतो. तुम्हीच दोन शब्द सांगा."

मी विचारले, "काय रे बाळ, काम जड आहे का? वरचा माणूस त्रास देतो का?"

तो म्हणाला, "नाही महाराज. पण तिथं मला कुणी ओळखत नाही. संध्याकाळी कचेरी सुटली की झोपेपर्यंत माझ्याशी एक माणूस बोलत नाही. खानावळवाला सुद्धा ताट ठेवतो आणि निघून जातो."

त्या वेळी घाईघाईने मी त्याला नेहमीचे बोललो. धीर धर, नामस्मरण कर, सारे ठीक होईल. ते खोटे नव्हते. पण त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळले की आपला बाण भात्यातच राहिला. रात्री झोप लागेना. चौथ्या दिवशीचा ठरवलेला विषय बाजूला ठेवला आणि निरूपण त्या एका पोरासाठी केले. त्यातलेच येथे लिहितो. असा मुलगा, अशी मुलगी आज घरोघर आहे. खेड्यातली शहरात जातात त्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. शहरातले पोर आडगावी जाऊन पडते, त्याची विचारपूस कोण करतो?

व्याकरण शिकवताना आमचे गुरुजी एक धातू फार घोटून घेत. वस्, म्हणजे राहणे. त्यापासून वास, निवास. आपली वस्ती त्यातलीच. एकादशीचा उपवासही त्यातलाच. उप म्हणजे जवळ, देवाच्या जवळ राहणे तो उपवास. (साबुदाणा त्यात मागाहून शिरला.) आणि प्रवास हा शब्दही तेथलाच. आज आपण एस.टी.त बसलो की प्रवास म्हणतो. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून दुसरीकडे राहणे. म्हणजे गाडीतून उतरल्यावर प्रवास सुरू होतो! तो मुलगा समजत होता की आपण चैत्रातच पोहोचलो. तो अजून वाटेतच होता.

आता आपल्या संप्रदायाचे मूळ घर पाहा. विठ्ठलपंत आपेगावचे, पैठणजवळ गोदातीरी राहणारे. तरुणपणी तीर्थे करीत आळंदीस आले, सिद्धोपंतांनी त्यांना कन्या दिली, आणि ते तिथे राहिले. पुढचे संन्यासाचे, परत गृहस्थाश्रमात येण्याचे, वाळीत पडण्याचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. ते विस्ताराने सांगत नाही. राहत्या गावात कुणी बोलेनासे झाले तेव्हा विठ्ठलपंत मुलाबाळांसह इथे त्र्यंबकेश्वरी आले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, पळापळ झाली, आणि निवृत्तिनाथ चुकले. नवखे गाव, नवखे रान, पोर लहान. ते जाऊन पडले गहिनीनाथांच्या गुहेत. आई-बाप रानोमाळ हाका मारीत होते, आणि त्याच वेळी मुलाला गुरू भेटत होता. आपली सारी परंपरा एका चुकलेल्या पोराच्या पायाने आली आहे. वाट ठाऊक असती तर निवृत्तिनाथ सरळ घरी गेले असते.

पुढे आई-बापांनी देह ठेवला. चार भावंडे उरली. ब्रह्मवृंदाने सांगितले, पैठणला जा, शुद्धिपत्र आणा. पैठण म्हणजे केवढे गाव! विद्वानांची पेठ, दक्षिणेतली काशी. मुले तिकडे चालत गेली. रेड्यामुखी वेद बोलविले ती कथा तिथलीच. परंपरा सांगते की शेवटी पत्र मिळाले. आम्ही कीर्तनकार इथे टाळ्या घेतो आणि पुढे जातो. मी सुद्धा कित्येक वर्षे असेच केले. पण जरा थांबून पाहा. पत्र मिळाल्यावर ती भावंडे पैठणला राहिली का? नाही. ज्ञानेश्वरी पैठणला झाली का? नाही. ती झाली नेवाशाला, प्रवरेच्या काठच्या एका लहान गावी, जिथे या चौघांचे सोयरे नाही, धायरे नाही.

संप्रदायात चालत आलेल्या गणनेप्रमाणे शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली, निवृत्तिनाथ सतरा वर्षांचे होते, ज्ञानोबाराय पंधरांचे, सोपानकाका तेरांचे आणि मुक्ताई अकरांची. आजच्या हिशेबाने चारही शाळा-कॉलेजातली पोरे. ती गावात शिरली तेव्हा समोर काय आले? कथा अशी सांगतात, की सच्चिदानंदबाबा नावाचे गृहस्थ गेले होते आणि त्यांची पत्नी सती जायला निघाली होती. तिने वाटेत वंदन केले, माऊलींच्या मुखातून सौभाग्याचा आशीर्वाद गेला, आणि बाबा उठले. चमत्काराबद्दल मी वाद घालीत नाही. ज्याचा जसा भाव. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. नवख्या गावात या मुलांची पहिली ओळख पडली ती रडणाऱ्या घराशी. वाटेत प्रेत दिसल्यावर वाट बदलून पुढे जाता आले असते. मोठमोठे जातात. ही पोरे थांबली. आणि ज्या घरापाशी थांबली त्याच घरचा माणूस पुढे लेखणी घेऊन बसला. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या त्याने उतरून घेतल्या. ग्रंथाच्या शेवटी माऊलींनी त्याचे नाव आदराने घातले, गोदावरीच्या दक्षिण तीराचे नाव घातले, गावच्या म्हाळसेचे नाव घातले, राज्य करणाऱ्या रामचंद्र यादवाचेही घातले. ज्या गावात कालपर्यंत स्वतःचे नाव कुणाला ठाऊक नव्हते, त्या गावाचे नाव त्यांनी ग्रंथात लिहून ठेवले. पत्र मात्र कुठे गेले? वारकरी ते कपाळाला लावत नाहीत, ज्ञानेश्वरी लावतात.

नेवाशाला तो खांब अजून आहे. ज्याला टेकून माऊलींनी सांगितले तो पैसाचा खांब. आता त्याच्या भोवती मंदिर आहे. त्या खांबावर एक जुना शिलालेख आहे. तो वेदान्ताचा नाही. करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी कुणी दान लावून दिले, त्याची नोंद आहे. म्हणजे कुण्या गावकऱ्याने दिव्याची सोय केली, आणि पुढे त्याच दगडाला चार परकी पोरे टेकली. परगावी टेकायला मिळतो तो खांब असाच, दुसऱ्या कुणी आधी काही देऊन ठेवलेला.

इथपर्यंत निरूपण आले तेव्हा मला माझी आठवण आवरेना. प्रवचनकाराने स्वतःचे सांगू नये असा आमच्या गुरुजींचा दंडक. पण तो पोरगा खांबाआड बसून ऐकत होता, म्हणून सांगितले.

माझे गाव गंगाखेडच्या बाजूचे. अठराव्या वर्षी शास्त्र शिकायला त्र्यंबकेश्वरी आलो. आमच्याकडे गोदावरी रुंद, संथ; वाटले, तिच्या उगमाशी जातो आहे, म्हणजे परके कसले? आषाढात उतरलो तर डोंगर दिसेना इतका पाऊस. आमच्या रानात आठवडा आठवडा थेंबाची वाट पाहायची, इथे वळणीवरचे धोतर चार चार दिवस वाळेना. पोट ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले, इथे भात आणि नागली. मी 'करायलोय', 'जायलोय' म्हणालो की पाठशाळेतली पोरे हसत. मग मी बोलणेच कमी केले. कुशावर्तावर पहाटे स्नानाला गेलो की पाण्याकडे पाहून वाटे, हेच पाणी आपल्या गावाखालून जाणार. आपण तेवढे उलटे आलो.

जेवायला सात घरी सात वार लावून दिले होते. माझा सोमवार एका काकूंकडे असे. एकट्या, मूलबाळ नाही. नाव कुणी विचारत नसे. ज्या घरी जो वार, ते नाव. काकू दारातून हाक मारीत, "सोमवार आला का रे?" दुसऱ्या आळीत मी गुरुवार होतो. एका गावात मला सात नावे, आणि आई-बापाने ठेवलेले आठवे कुणालाच माहीत नाही. गणपतीच्या आसपास तर मी वळकटी बांधून ठेवली होती.

त्या आठवड्यात काकूंचे दार नुसते लोटलेले दिसले. आत तापाने फणफणलेल्या. मी जेवायला गेलो होतो, आणि चुलीपुढे बसून पेज मलाच करावी लागली. ती बिघडली. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "मीठ घालतात रे त्यात." त्यानंतर पंधरा-वीस रात्री मी उशाशी बसून हरिपाठ म्हणत असे. वळकटी सोडायची राहूनच गेली. काकू वाचल्या नाहीत. तिरडी बांधली तेव्हा चौथा खांदेकरी कमी पडत होता. कुणीतरी म्हणाले, "ए सोमवार, पुढं हो." मी खांदा दिला. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानावरून जात होतो, तर त्याने आतून माझे नाव घेऊन विचारले, "जेवलास का?" ते नाव त्याला कुणी सांगितले, मला आजतागायत कळले नाही. पुढे त्या गावात मी नऊ वर्षे काढली.

एवढे सांगून मी पाहिले तर बायकांच्या बाजूला हसू पसरले होते. त्यांचे बरोबरच होते. परक्या गावी जाऊन राहणे पुरुषाला दुःख वाटते, आणि लेक तेच लग्नाच्या दुसऱ्या दिवशी करते. तिला कुणी निरूपण सांगायला जात नाही. आमच्या गंगाखेडची जनाई तर पोरवयात पंढरपुरास दामाशेटींच्या घरी गेली. तिला त्या गावी नाव मिळाले ते जात्यापाशी, झाडलोटीत, कामात. आणि नामदेवराय? ते पुढे थेट पंजाबात गेले. तिकडची बोली आपलीशी केली, इतकी की त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले ते त्यांच्याच पुण्याईने. माझ्यासारखा 'करायलोय'वर हसतात म्हणून तोंड मिटून बसणारा तो गडी नव्हता.

असो. निरूपण संपल्यावर तो मुलगा पुढे आला. मी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "तू राहतोस त्या गल्लीत या चार महिन्यांत कोण वारलं?"

तो गोंधळला. "मला कसं माहीत असणार महाराज?" मग जरा वेळाने, हलक्या आवाजात, "वैशाखात समोरच्या घरापुढं माणसं बसली होती. रडण्याचा आवाज येत होता. मी दार लावून घेतलं. ओळख नव्हती ना."

त्याची आई काही बोलणार होती, मी हाताने थांबवले. तो बराच वेळ उभा राहिला, नमस्कार करून गेला.

कार्तिकात त्या बाई भेटल्या. म्हणाल्या, राजीनामा दिलेला नाही, पण दर शनिवारी पळून येतो आणि सोमवारी पहाटे तोंड वाकडे करून जातो. मी मनात म्हटले, चला, आपले निरूपण वाया. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पुन्हा भेटल्या, तर त्यांचीच तक्रार उलटी. महिना झाला, पोरगा आला नाही; विचारले तर म्हणतो, समोरच्या आजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते.

यंदा चैत्रात त्याचा स्वतःचा फोन आला. "महाराज, ओळखलंत का? आमच्या समोरच्या आजोबांचं वर्षश्राद्ध आहे वैशाखात. ते वारकरी होते म्हणे, सोळा वाऱ्या झालेल्या. आजींची इच्छा आहे कीर्तन व्हावं. याल का?"

मी म्हटले, "येईन. पण पखवाज, टाळकरी?"

"ते आमच्याकडं आहेत सगळे. तुम्ही फक्त सकाळची पहिली एस.टी. धरा. स्टँडवर मी येतो न्यायला, आणि जेवण आजींकडं आहे. नागलीची भाकरी चालते ना तुम्हाला?"