तिसऱ्या खंडाचे वर्गणीदार

‘शेनमू’ या गेममध्ये घरातला जवळजवळ कुठलाही खण उघडता येतो. डिसेंबर १९९९ मध्ये जपानात सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट यंत्रावर हा गेम आला, तेव्हा ही गोष्ट नवलाची होती. योकोसुका हे बंदराचं शहर, साल १९८६, थंडीचे दिवस. अठरा वर्षांच्या र्‍यो हाझुकीच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांचा खून झालेला आहे. मुलगा सूड घ्यायला निघालाय, पण खेळणाऱ्याने मनात आणलं तर तो आधी घरातलं कपाट उघडतो, आतली वस्तू हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि परत ठेवतो. बहुतेक खणांत उपयोगाचं काहीच नसतं. रस्त्यावर यावं तर दुकानं ठरल्या वेळी उघडतात, ठरल्या वेळी बंद होतात. शेजारीपाजारी आपापल्या उद्योगाला लागलेले असतात. पुढे र्‍यो बंदरावर नोकरी धरतो आणि खेळणारा खरोखर रोज सकाळी फोर्कलिफ्टवर बसून खोकी एका गोदामातून दुसऱ्या गोदामात नेतो.

ज्यांना हे कंटाळवाणं वाटलं त्यांनी गेम सोडून दिला. बाकीचे त्या गावात राहायला गेले. मी त्यांतला. २००३ साली परदेशात नोकरीला असताना खोलीतल्या सोबत्याच्या एक्सबॉक्सवर मी दुसरा भाग खेळलो, मग पहिला शोधून काढला. घरापासून लांब असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातले खण उघडून बघण्यात काय मिळत असेल, हे समजावून सांगणं अवघड आहे. मला मिळत होतं.

गेमचा कर्ता यू सुझुकी. ‘आउट रन’, ‘व्हर्च्युआ फायटर’ हे त्याचे आधीचे गेम. शेनमूची कथा त्याने अनेक भागांत योजली होती. पहिल्या भागाला सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर लागल्याचं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्या काळी एका गेमवर इतका खर्च कुणी ऐकला नव्हता. ड्रीमकास्ट चाललं नाही आणि २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणंच थांबवलं. त्याच वर्षी आलेला दुसरा भाग चीनमधल्या ग्वेलिनच्या एका गुहेत, ऐन उत्कंठेच्या जागी थांबला. त्यानंतर चौदा वर्षं काही नाही. २०११ मध्ये सुझुकीने सेगाही सोडली.

गोष्ट अर्धवट राहण्याचं दुःख मला नवं नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्या आप्पांनी एका तीन खंडांच्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलत योजनेत पैसे भरले होते. मनीऑर्डरची पावती त्यांनी पहिल्या खंडात खूण म्हणून ठेवली होती. पहिले दोन खंड वेळेवर आले. तिसरा यायला आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत आप्पा दर दिवाळीनंतर प्रकाशकाला एक जोडकार्ड टाकत, म्हणजे उत्तरासाठी कोरा अर्धा भाग जोडलेलं पोस्टकार्ड. तो अर्धा भाग कधी परत आलाच नाही. ‘उशीर होतो, माणसाला अडचणी असतात,’ असं ते म्हणत. पण पोस्टमन येऊन गेला की त्यांचा चेहरा मला आठवतो. त्या आठ वर्षांत मी त्यांना उशिराबद्दल एकदाही चिडलेलं पाहिलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून मात्र ते दर वर्षी चिडत.

आता २०१५. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीचा कार्यक्रम चालू होता. तिथे १५ जूनची संध्याकाळ, आपल्याकडे १६ जूनची सकाळ. सुझुकी मंचावर आला आणि म्हणाला, तिसरा भाग करायचाय, लोकांकडून पैसे जमवणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर या. उद्दिष्ट २० लाख डॉलर. पहिले दहा लाख पावणेदोन तासांच्या आत जमले. आपल्याकडे दुपारचा चहा होईतो वीस लाख पुरे झाले. महिनाभराने मोहीम संपली तेव्हा ६९,३२० लोकांनी ६३ लाख ३३ हजार डॉलर दिले होते, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे चाळीस कोटी रुपये.

या आकड्यांना भागाकार लावून पाहावा. माणशी ९१ डॉलर पडतात. गेमची साधी प्रत २९ डॉलरची वर्गणी देऊन मिळणार होती. म्हणजे सरासरी माणसाने वस्तूच्या तिप्पट पैसे दिले, तेही वस्तू अस्तित्वात नसताना. याला खरेदी म्हणता येत नाही. गुंतवणूकही म्हणता येत नाही, कारण गेम कितीही खपला तरी या लोकांना नफ्यातला छदाम मिळणार नव्हता. मराठीत याला नेमका शब्द आहे, वर्गणी. इंग्रजीत या व्यवहाराचं ‘क्राउडफंडिंग’ हे नाव गर्दीवरून पडलं. आपला शब्द माणसाच्या वाट्याकडे बघतो: कार्य सगळ्यांचं आहे, त्यात माझा हा वाटा. किकस्टार्टरनेही २०१२ मध्येच जाहीर सांगून टाकलं होतं की हे दुकान नव्हे.

पण वर्गणीला एक दुसरी बाजू असते आणि ती आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की गेल्या वर्षीचा जमाखर्च विचारणारा एक तरी माणूस वाड्यात असतोच. त्याला कुणी नास्तिक म्हणत नाही. तोही वर्गणी देतो, आरतीला उभा राहतो, आणि विसर्जनानंतर फळ्यावर लावलेला हिशेब चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतो.

शेनमूच्या वेळी हे हिशेब वाचणारे पहिल्या रात्रीपासून हजर होते, आणि माझ्या मते त्यांचे प्रश्न चोख होते. पहिल्या भागाला पावणेपाच कोटी डॉलर लागले, मग तिसरा वीस लाखांत कसा होणार? होणार नसेल, तर उरलेले पैसे कोण घालणार? घोषणा सोनीच्या मंचावर झाली. मग सोनी पैसे घालतेय का, घालत असेल तर किती, आणि ते सांगत का नाही? की लोकांची वर्गणी म्हणजे बड्या कंपनीला पटवण्यासाठी घेतलेल्या सह्या? यातलं काही पुढच्या दिवसांत उलगडलं. सोनी निर्मितीला आणि जाहिरातीला हातभार लावतेय, पण वर्गणीचा पैसा फक्त आपल्या कंपनीकडे येतो, असं सुझुकीने सांगितलं. सोनीचा हातभार किती, हा आकडा मात्र आला नाही.

असे प्रश्न विचारणाऱ्यांवर चाहते तुटून पडले. चौदा वर्षांनी दार उघडतंय आणि तुम्ही बिजागऱ्या कसल्या तपासताय, असा सूर होता. मला दोन्हीकडचं पटत होतं, म्हणून मी तीन आठवडे पैसे दिले नाहीत आणि चौथ्या आठवड्यात दिले. आज मागे वळून पाहताना वाटतं की चाहता आणि शंका घेणारा ही दोन माणसं वेगळी मानण्यातच चूक होती. ज्याला त्या खणांची ओढ नव्हती त्याने वीस लाखांचा हिशेब मांडलाच नसता. तो पान उलटून पुढे गेला असता. कंपनीत पैसा घालणाऱ्याला संचालक मंडळ असतं, लेखापरीक्षक असतो. वर्गणीदाराला यातलं काही नसतं. त्याच्या बाजूने हे काम कुणी करत असेल तर तो हा शंका घेणारा चाहता, तेही बिनपगारी आणि शिव्या खात.

शंकेला तेव्हा दाखलेही भरपूर होते. २०१२ च्या फेब्रुवारीत टिम शेफरच्या डबल फाइन कंपनीने जुन्या वळणाच्या साहसी गेमसाठी ४ लाख डॉलर मागितले आणि तिला ८७,१४२ लोकांकडून ३३ लाखांवर मिळाले. किकस्टार्टरवर जुन्या गेमांची रांग लागली ती तिथून. एवढे पैसे येऊनही पुरले नाहीत आणि ‘ब्रोकन एज’ दोन तुकड्यांत आला, २०१४ मध्ये एक आणि २०१५ मध्ये दुसरा. पण या कंपनीने सुरुवातीपासून कॅमेरा आत घेतला होता. पैसे संपत आल्याच्या चर्चा, वेळापत्रकावरची भांडणं, सगळं माहितीपटात वर्गणीदारांना दिसत होतं. राग आला, नाही असं नाही, पण फसवल्याची भावना त्या मानाने फार पसरली नाही. फळ्यावर हिशेब लावलेला होता.

उलट उदाहरण ‘मायटी नंबर नाइन’चं. ‘मेगा मॅन’शी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या केइजी इनाफुनेने २०१३ मध्ये ९ लाख डॉलर मागितले आणि ३८ लाख मिळवले. तारखा पुढे पुढे ढकलल्या जात राहिल्या. आणि हा गेम हातात पडायच्या आधी, २०१५ च्या जुलैत, त्याच्याच कंपनीने ‘रेड अ‍ॅश’ या दुसऱ्या गेमसाठी पुन्हा हात पसरले. लोकांनी या वेळी पुरेसे पैसे दिले नाहीत आणि मोहीम उद्दिष्टाअलीकडेच थांबली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. दोन वर्षांपूर्वी भरभरून देणाऱ्या चाहत्यांनीच मूठ आवळली होती. ‘मायटी नंबर नाइन’ २०१६ च्या जूनमध्ये आला, तेव्हा त्याने शंका घेणाऱ्यांनाच बरोबर ठरवलं.

‘सिस्टिम शॉक’चं प्रकरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. १९९४ चा हा गेम नव्याने करण्यासाठी नाइटडाइव्ह कंपनीने २०१६ मध्ये साडेतेरा लाख डॉलर जमवले. मग पैसे हाताशी आल्यावर होतं ते झालं. जुनं घर दुरुस्त करायला घेतलं आणि इमारत बांधायची स्वप्नं पडू लागली. २०१८ च्या फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख स्टीफन किक यांनी वर्गणीदारांना लिहिलं की आपण वाट चुकलो, मूळ कल्पनेपासून भरकटलो, काम काही काळ थांबवतोय. शंकेखोरांनी अर्थातच ‘गेले पैसे’ म्हटलं. काम पुन्हा सुरू झालं, आणि गेम ३० मे २०२३ रोजी, सात वर्षांनी आला. चांगला आला. मला राहून राहून वाटतं की तो चांगला येण्यामागे त्या पत्राचा हात होता. ‘चुकलो’ म्हणणारा माणूस मागे फिरू शकतो.

आता शेनमूकडे परत. आधी सांगितलेली तारीख डिसेंबर २०१७ ची होती. ती पुढे गेली, पुन्हा गेली. उशिरावरून फारसा गदारोळ झाला नाही. चौदा वर्षं थांबलेल्यांना दोन वर्षांचं काय? २०१७ च्या ऑगस्टमध्ये पहिली झलक आली, तिच्यात पात्रांचे चेहरे लाकडी दिसत होते. लोक बोलले, कंपनीने चेहऱ्यांवर काम केलं. इथपर्यंत सगळं वर्गणीच्या रीतीनं चाललं होतं.

खरा भडका जून २०१९ मध्ये उडाला. संगणकावरचा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून मिळेल असं वर्गणीदारांनी धरलं होतं, तसं त्यांना सांगण्यातही आलं होतं. अचानक जाहीर झालं की पहिलं वर्ष तो फक्त एपिक या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात मिळेल. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. गेम तोच, संगणक तोच, दुकान तेवढं दुसरं. पण वर्गणीदाराचं म्हणणं साधं होतं: माझ्या नावाने ठरलेली गोष्ट तुम्ही मला न विचारता दुसऱ्याला विकलीत. चार वर्षं जे हळवे चाहते शंकेखोरांवर ओरडत होते, ते त्या आठवड्यात शंकेखोरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. शेवटी पैसे परत करायची तयारी दाखवावी लागली, आणि त्या परताव्याचा भार एपिकने उचलला. मी परत मागितले नाहीत. पण त्या दिवसांत मला आप्पांचं जोडकार्ड आठवत होतं. त्यांचा सगळा संताप त्या कोऱ्या अर्ध्या भागात होता.

१९ नोव्हेंबर २०१९ रोजी गेम आला. परीक्षकांनी त्याला जुनाट म्हटलं, आणि ते खोटं नाही. चालणं संथ, बोलणं अवघडलेलं, पळत राहिलं की र्‍योची ताकद संपते आणि त्याला सारखं खाऊ घालावं लागतं. गावात लाकडं फोडून मजुरी मिळते. माझ्यासारख्याला मात्र पहिल्याच रात्री कळलं की सुझुकीने जे कबूल केलं होतं तेच दिलंय, वीस वर्षांत जग कुठे गेलं याची पर्वा न करता. त्याच्या या हट्टाबद्दल मी ऋणी आहे. दुसऱ्या कुठल्याही पैशातून इतका बेधडक जुना गेम निघाला नसता. नफा मागणाऱ्याने तो पहिल्याच बैठकीत सुधारायला लावला असता.

आणि तरीही गोष्ट संपली नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी र्‍यो पुन्हा वाटेवरच आहे. खुन्याशी त्याची गाठ पडते, हिशेब चुकता होत नाही. यावर अनेक वर्गणीदार हताश झाले: एवढी वर्षं, एवढे पैसे, आणि पुन्हा ‘क्रमशः’? ही तक्रार मला सगळ्यांत खरी वाटते, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. चौथा भाग हवा म्हणणारे त्यानंतरही बोलत राहिले. पुन्हा वर्गणी काढली तर मी देईन. पण या वेळी पहिल्याच दिवशी विचारीन की कथा किती उरली आहे, ती कितीत बसवणार, आणि पुढचं कुणाला काय विकलं आहे.

आप्पांचा तिसरा खंड आला तेव्हा मी कॉलेजात होतो. कागद पातळ होता, बांधणी वेगळी, कण्याचा रंगही आधीच्या दोघांशी जुळत नव्हता. सोबत चिठ्ठी नव्हती. आप्पांनी प्रस्तावना उघडली नाही. ते शेवटच्या पानांकडे गेले, जिथे बारीक टायपात वर्गणीदारांची यादी छापली होती, आणि बोट खाली सरकवत सरकवत आपल्या नावाशी थांबले. मग त्यांनी पहिल्या खंडातली मनीऑर्डरची पावती काढून त्या पानात ठेवली आणि खंड कपाटात लावला.