बंधुमतीचा काय गुन्हा होता?

माझ्या नणंदेच्या मुलीला बारावीनंतर गुन्ह्यांचा आणि तपासाचा अभ्यास करायचाय हे कळलं, त्या दिवशी घरात अशी शांतता पसरली, जणू तिनंच कुणाचा खून केलाय. फार्मसी कर, सीए कर, नाहीतर सरळ बी.कॉम. कर. पण चोर, खुनी यांच्याबद्दल वर्षानुवर्षं वाचत बसायचं? आपण पाणी गाळून पिणारी माणसं. "भाभी, स्थळं बघताना लोकांना काय सांगू?" असं नणंद फोनवर म्हणाली, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं.

पोरीनं सगळी माहिती काढून ठेवलेली. नुसतं गुन्हेगारीशास्त्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच शिकवतात, मुंबईच्या टाटा संस्थेतही ते एम.ए.ला आहे. म्हणून तिनं नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था शोधली, तिथं बी.एस्सी. करता येते. आदिलाबादहून नागपूर हैदराबादपेक्षा जवळ, हाही तिचाच मुद्दा.

मी म्हटलं, "अगं, पाप्यांचा एवढा विचार करून मन मळत नाही का?"

ती म्हणाली, "मामी, तुम्ही दिशाच्या वेळी काय केलं होतं, आठवतं?"

आठवतं की. नोव्हेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला जाळलं. 6 डिसेंबरला पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेल्याची बातमी आली. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मी सामायिक करून उठले होते. फोन हातात घेतला आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. वर लिहिलं, 'न्याय झाला.' शेजारणीला तोंड गोड करायला शिराही दिला. ही मुलगी तेव्हा लहान होती, पण माझ्या स्वयंपाकघरात बसली होती.

पुढे सुप्रीम कोर्टानं चौकशी आयोग नेमला. नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती सिरपूरकर त्याचे अध्यक्ष. मुंबई हायकोर्टाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटाही त्यात होत्या, म्हणजे बाईचं दुःख न कळणाऱ्यांनी निर्णय दिला असं म्हणायचीही सोय नाही. 2022 मध्ये अहवाल उघड झाला. पोलिसांची हकीकत खरी वाटत नाही, गोळ्या जीव घेण्यासाठीच झाडल्या, आणि मेलेल्यांतले तिघे तर अल्पवयीन होते, असं त्यात आलं. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही होती. मी ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट आपल्या अगदी दाराशी घडलेली. आसिफाबादकडे लिंगापूरच्या बाजूला, गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या एका गरीब बाईवर अत्याचार करून तिला मारलं. पोलिसांनी तिला नाव दिलं समता. तिच्यासाठी मेणबत्त्या कमीच लागल्या. पण तिचा खटला इथं, आपल्या आदिलाबादच्या विशेष कोर्टात चालला. साक्षी झाल्या, पुरावे तपासले गेले, आणि 30 जानेवारी 2020 ला तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे अत्याचारानंतर सव्वादोन महिन्यांत. फाशी पटते का विचाराल तर मी अजून अडखळते, अहिंसेचं व्रत सांगणाऱ्या बाईनं अडखळावंच. पण तिथं निदान कुणीतरी विचारलं तरी, की हे यांनीच केलं कशावरून? माझ्या शिऱ्यात तो प्रश्न नव्हता.

पोरीला शिकायचाय तो हाच प्रश्न. रक्ताचा डाग कुणाचा, ठसा कुणाचा, साक्षीदार खरं बोलतोय का. मुंगी मरू नये म्हणून आपण पूंजून पाय टाकतो, आणि माणसाला दोषी ठरवताना मात्र फोनवर एक बोट पुरतं!

यंदा पर्युषणात ती माझ्याबरोबर स्थानकात आली. अंतगडसूत्राचं वाचन चालू होतं, अर्जुनमाळ्याची कथा आली. राजगृहीचा तो माळी, अंगात यक्ष शिरल्यावर रोज सहा पुरुष आणि एक बाई मारणारा. सुदर्शन शेठ त्याला न घाबरता सामोरा गेला. पुढे अर्जुनानं भगवंतांजवळ दीक्षा घेतली. गोचरीला गेला की ज्यांची माणसं त्यानं मारली ते शिव्या देत, मारत, आणि तो समभावानं सोसत राहिला. दरवर्षी इथं बायका डोळे पुसतात. मीही पुसले.

घरी येताना ती गप्प होती. चपला काढता काढता म्हणाली, "मामी, सुरुवातीला सहा गुंडांनी अर्जुनमाळ्याला बांधून त्याच्या बायकोवर अत्याचार केला ना? मग त्यानं त्या सहांबरोबर तिलाही का मारलं? बंधुमतीचा काय गुन्हा होता?"

इतकी वर्षं ही कथा ऐकतेय. बंधुमतीचं नावसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

रात्री नणंदेला फोन केला. म्हटलं, स्थळांचं नंतर बघू, नागपूरला हॉस्टेलची काय सोय आहे ते आधी विचार.